उजव्या करंगळीचा हिशेब: मराठी टंकलेखनासाठी निवडलेला कीक्रॉन व्ही १० कीबोर्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २०११ साली घेतलेला टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड मी गेल्या वर्षापर्यंत रोज वापरत होते. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. त्यात बहुतेक करारनामे, विम्याची कागदपत्रे आणि रुग्णालयांची संमतिपत्रे असतात. दिवसाला तीन-साडेतीन हजार शब्द टाइप होतात आणि ते सगळे इन्स्क्रिप्ट पद्धतीने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण बटण-मांडणीने. त्या कीबोर्डात चेरी कंपनीचे निळे स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखाली बसवलेली दाबयंत्रे, आहेत. बटण एकंदर चार मिलिमीटर खाली जाते, पण २.२ मिलिमीटरवरच ‘टक्’ असा आवाज होऊन अक्षर उमटते, आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की दुसऱ्या कीबोर्डावर बसले की आपण लिहितो आहोत की नाही अशी शंका यायची. तो आजही एकही अक्षर चुकवत नाही, हे आधीच सांगते, कारण तो बदलण्याचे कारण त्याच्यात नव्हते, माझ्या हातात होते.

गेल्या पावसाळ्यात उजव्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, संध्याकाळी कळ यायला लागली. आधी दुर्लक्ष केले, मग गरम पाण्याचा शेक, मग मलम, आणि शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला त्यांच्याच टेबलावर टाइप करायला बसवले आणि बराच वेळ काही न बोलता नुसते माझ्या हाताकडे पाहिले. नंतर त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे सरळ कीबोर्डावर दोन्ही हात जवळ आणल्यामुळे मनगटे बाहेरच्या बाजूला वाकतात आणि तासन्‌तास तशीच राहतात. दुसरी गोष्ट अशी, की अंकांच्या बटणांसकट साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद असलेल्या कीबोर्डामुळे माउस फार लांब जातो आणि उजवा खांदा सारखा ताणलेला असतो. व्यायाम दिले, दर अर्ध्या तासाने उठायला सांगितले, आणि ‘कीबोर्ड बघा, पण आधी कोणते बोट किती काम करते ते मोजा’ असेही सांगितले. ते मोजणे मी खरोखर केले आणि त्यानेच माझी पुढची सगळी निवड ठरली.

मराठी मजकुरात पावलोपावली येणारा ‘त्याच्या’ हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये तो आठ बटणांचा आहे: त, हलन्त, य, काना, च, हलन्त, य, काना. यातले हलन्त आणि काना दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे, म्हणजे त्या बोटाचे चार ठोके. त उजव्या अनामिकेकडे, एक ठोका. उरलेले तीन, म्हणजे दोन य आणि एक च, उजव्या करंगळीकडे. इंग्रजी मांडणीत च च्या जागी अर्धविराम आहे आणि य च्या जागी तिरकी रेघ, त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याची करंगळी तिथे क्वचितच जाते. मराठीत मात्र चा, ची, चे, च्या, या, ये यांच्याशिवाय ओळ पुरी होत नाही. शिवाय ज, ट, ड, ॉ, आणि शिफ्ट धरून झ, छ, ठ, ढ, ञ, ऑ हीसुद्धा त्याच बोटाची जबाबदारी. आणखी बारकाईने पाहिले तर य चे बटण च च्या बरोबर खाली नाही; ते अर्धे बटण उजवीकडे सरकलेले आहे. दोन बटणांमधले अंतर १९.०५ मिलिमीटर असते, म्हणजे करंगळी दर वेळी एक ओळ खाली आणि जवळजवळ एक सेंटिमीटर बाहेर जाते. हातातले सर्वांत दुबळे बोट, आधीच बाहेर वाकलेले मनगट, आणि दिवसातून हजारो वेळा तीच तिरकी खेप.

इन्स्क्रिप्टला मी दोष देत नाही. १९८६ साली ठरवलेली ही मांडणी स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला देते, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात आणि लिहिण्याला एक ठेका येतो. तो ठेका एकदा बसला की दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने लिहावेसे वाटत नाही. पण अर्गोनॉमिक, म्हणजे हाताला कमी ताण देणाऱ्या, कीबोर्डांची जी परीक्षणे मी वाचली आणि पाहिली, ती झाडून सगळी इंग्रजी लिहिणाऱ्यांची होती. त्यांच्या लेखी उजव्या टोकाची बटणे म्हणजे कंस आणि विरामचिन्हे, कमी केली तरी चालणारी. आमच्या लेखी ती मुळाक्षरे आहेत. म्हणून इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्याने कीबोर्ड निवडताना रंग, आवाज, ब्लूटूथ हे सगळे नंतर पाहावे. आधी उजव्या बाजूला ज च्या पुढे किती बटणे शिल्लक आहेत ते मोजावे.

पहिला प्रयोग भाच्याच्या कीबोर्डावर झाला. तो हिंजवडीत प्रोग्रामर आहे आणि झेडएसए कंपनीचा मूनलँडर वापरतो. दोन स्वतंत्र तुकडे, एकूण ७२ बटणे, आणि बटणांच्या ओळी तिरक्या न सरकता सरळ उभ्या स्तंभांत. बाहेर आला तेव्हा त्याची किंमत ३६५ डॉलर होती, आणि भारतात मागवायचा तर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे. त्याने तो दोन आठवड्यांसाठी मला दिला आणि म्हणाला, “मावशी, सवय व्हायला वेळ लागेल, लगेच परत देऊ नकोस.” मी पहिला शब्द लिहिला ‘वाडा’. व साठी माझी उजवी तर्जनी सवयीने डावीकडे गेली आणि बटणच नसलेल्या रिकाम्या जागी आपटली, कारण ते बटण डाव्या तुकड्यावर आहे. डाव्या हाताने व लिहिला, काना दिला, मग ज च्या शेजारचे बटण दाबले. तिथे माझ्या जुन्या कीबोर्डावर ड असतो. पडद्यावर उमटले ‘वाॉा’. मूळ मांडणीत त्या जागी उलटी तिरकी रेघ ठेवलेली आहे, म्हणजे आमचा ॉ, आणि चौकटी कंसांची दोन्ही बटणे, म्हणजे ड आणि नुक्ता, सर्वांत खालच्या ओळीत गेलेली आहेत. वाडा, गाडी, डोळे, पडदा, झाड, अशा रोजच्या शब्दांसाठी हाताला तळाशी उतरावे लागत होते.

तरीही त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट मनापासून आवडली, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. उभ्या स्तंभांमुळे य चे बटण च च्या अगदी खाली येते. करंगळी नुसती मिटायची आणि उघडायची. बाहेर जाणे नाही. ‘त्याच्या’, ‘ज्यांच्या’, ‘आमच्याच’ असे शब्द तिथे जितके अलगद लिहून झाले तितके दुसरीकडे कुठेही झाले नाहीत. तुकडे खांद्याइतके लांब ठेवता येतात आणि आतल्या बाजूने उचलून तंबूसारखे उतरते करता येतात, त्यामुळे तळहात पालथे पडत नाहीत. बटणे हवी तिथे हलवताही येतात. पण इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कीबोर्ड संगणकाला ‘ड’ पाठवत नाही. तो फक्त अमुक क्रमांकाचे बटण दाबले इतकेच कळवतो आणि त्याचा ड करायचा की चौकटी कंस ते संगणकातली भाषा ठरवते. त्यामुळे कीबोर्डाच्या आत केलेला प्रत्येक बदल मराठी आणि इंग्रजी दोन्हींना लागू होतो. मी ड वर आणला तर ॉ कुठे टाकू, ॉ हलवला तर ऋकाराचे काय, असे करत करत शेवटी माझी अशी एक मांडणी झाली जी जगात फक्त त्याच यंत्रावर चालली असती. मला आठवड्यातून एक दिवस ग्राहकाच्या कार्यालयात त्यांच्या संगणकावर बसावे लागते. तिथे गेल्यावर हात अडखळला असता, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर दोन वेगळ्या सवयी सांभाळण्याची माझी तयारी नव्हती. जे एकाच यंत्रावर लिहितात आणि महिनाभर धीर धरू शकतात, त्यांनी माझ्या या निर्णयाने मागे हटू नये.

त्यानंतर मी ठरवले की ओळी नेहमीसारख्याच सरकलेल्या हव्यात, उजवी बाजू पुरी हवी आणि तरी मनगट सरळ राहायला हवे. या अटीत बसणारा एक चांगला पर्याय म्हणजे किनेसिस कंपनीचा फ्रीस्टाइल प्रो. नेहमीचाच कीबोर्ड मधोमध कापावा तसा तो आहे. दोन्ही तुकडे एका केबलने जोडलेले असतात, वेगळे टेकू घेतले तर ५, १० किंवा १५ अंशांनी उचलता येतात, आणि ड, ट, ॉ सगळे जागच्या जागी. तो मी घेतला नाही याची दोन कारणे. भारतात तो सहज मिळत नाही, आणि त्यातही व डावीकडेच आहे.

मधल्या काळात घाईने एक चूक झाली. एका विक्रेत्याकडून ‘अर्गोनॉमिक’ म्हणून एक स्वस्त कीबोर्ड मागवला. पेटी उघडल्यावर लक्षात आले की तो ब्रिटिश मांडणीचा आहे: एंटर उभे आणि दोन ओळी उंच, डावे शिफ्ट आखूड आणि त्याच्या शेजारी एक जादा बटण. ॉ चे बटण एंटरच्या वर नसून ट च्या पुढे आले होते. ‘डॉक्टर’, ‘ऑपरेशन’ हे शब्द ज्यात ओळीला एकदा येतात अशी संमतिपत्रे लिहिणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. तो परत करायला तीन आठवडे गेले. चित्रात एंटरचे बटण आडवे आहे की उभे, एवढे पाहून घेतले असते तर तो त्रास वाचला असता.

शेवटी कीक्रॉन व्ही १० घेतला, आणि आता आठ महिने तो रोज वापरते आहे. ज्याला ‘ॲलिस’ मांडणी म्हणतात त्या घडणीचा हा कीबोर्ड आहे. तो एकसंध आहे, दोन तुकडे नाहीत, पण मधोमध फट आहे आणि दोन्ही बाजूंची बटणे एकमेकांपासून दूर, कललेल्या रेषेत बसवलेली आहेत. हात खांद्यापासून जसे तिरके येतात तसेच त्यावर टेकतात आणि मनगट वाकत नाही. अंकांचा वेगळा गठ्ठा नसल्याने माउस जवळ आला. उजव्या बाजूला ज, ड, नुक्ता, ॉ, खाली च आणि ट, त्याखाली य, सगळे पूर्वीच्याच क्रमाने आहेत. पहिल्या दिवशी लिहिलेला पहिला शब्द पुन्हा ‘वाडा’ होता आणि तो बिनचूक उमटला.

बिनचूक उमटण्याचे निम्मे श्रेय या मांडणीतल्या एका सोयीला आहे. इंग्रजी बी, म्हणजे आमचा व, यात दोनदा दिलेला आहे: एक डाव्या बाजूच्या शेवटी आणि एक उजव्या बाजूच्या सुरुवातीला. टंकलेखनाच्या नियमाप्रमाणे ते बटण डाव्या तर्जनीचे आहे, पण इन्स्क्रिप्टमध्ये व हे व्यंजन, व्यंजने उजव्या हाताची, म्हणून माझ्यासारख्या कित्येकांना ते उजव्या हाताने दाबायची सवय लागलेली असते. आता दोन्ही हातांना आपापला व आहे. ‘वाटाघाटी’ लिहिताना मी उजवा दाबते आणि पुढचा काना डाव्या हाताला मिळतो. ‘नवरा’ लिहिताना कधी कधी डावाच दाबला जातो, कारण न त्याच्या लगत आहे आणि तीच तर्जनी तिथून पुढे सरकते. इंग्रजी परीक्षणांत या दुहेरी बटणाचा उल्लेख गंमत म्हणून येतो. माझ्या दृष्टीने कीबोर्ड घेण्याचे ते एक मुख्य कारण ठरले.

दुसरी सोय डाव्या टोकाला आहे. तिथे पाच जादा बटणांचा उभा स्तंभ आहे आणि त्यांना काय काम द्यायचे ते आपण ठरवायचे. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या करंगळीकडे ओ आणि औ एवढेच, म्हणजे ती बरीचशी मोकळी, उजवी दमलेली. मी ॉ आणि ऋकार तिकडे नेले. उरलेल्या तीन बटणांवर शिफ्टसकट ठोके बसवले: ळ, ण आणि ठ. एरवी ळ साठी शिफ्ट धरून ल दाबावा लागतो. आता ‘वेळ’, ‘मिळकत’, ‘काळजी’ यांतला ळ एका ठोक्यात येतो. मूळ जागाही तशाच चालू ठेवल्या आहेत, त्यामुळे ग्राहकाच्या संगणकावर काही अडत नाही. हे बदल व्हीआयए नावाच्या साधनाने क्रोममध्येच करता येतात आणि ते कीबोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत राहतात. कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावला तरी टिकतात. फक्त एक लक्षात ठेवावे: मागे मॅक आणि विंडोज असा खटका आहे, आणि थर (बटणांना दिलेल्या कामांचे वेगवेगळे संच) शून्यापासून मोजले तर पहिले दोन मॅकचे, पुढचे दोन विंडोजचे असतात. विंडोज वापरणाऱ्याने बदल थर क्रमांक २ वर करावेत. मी पहिली संध्याकाळ शून्यावर बदल करत बसले आणि काहीच का होत नाही म्हणून चिंतेत पडले. स्पेसबारही दोन आहेत. मला उजवा पुरतो, म्हणून डाव्याला मराठी-इंग्रजी बदलण्याचे काम दिले. करारनाम्यात पक्षकारांची नावे इंग्रजीत ठेवायची असतात तेव्हा ओळीत चार-चार वेळा भाषा बदलते, आणि तो बदल आता अंगठ्याखाली आहे.

स्विचबद्दल थोडे. आवाजाची ओढ असूनही मी निळे घेतले नाहीत, कारण रात्री उशिरापर्यंत काम चालते आणि शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात. तपकिरी घेतले. त्यात आवाज नाही, पण अक्षर उमटते त्या सुमारास बोटाला एक बारीक उंचवटा जाणवतो. पहिला आठवडा बटण तळापर्यंत हाणायची जुनी सवय जाईना, नंतर गेली. या कीबोर्डात स्विच डाखेशिवाय, म्हणजे सोल्डरिंग न करता, चिमट्याने उपसून बदलता येतात आणि चिमटा पेटीतच मिळतो. दोन महिन्यांनी मी दहा लाल स्विच आणून फक्त उजव्या करंगळीच्या बटणांखाली बसवले: च, य, ज, ट, ड आणि आसपासची. लाल स्विचला उंचवटा नसतो आणि तो जरा हलका असतो. फरक कागदावर नगण्य वाटेल, पण संध्याकाळी सहानंतर बोट त्याची साक्ष देते. प्रत्येक बोटाला त्याच्या ताकदीप्रमाणे वजन द्यावे, हा विचार जुन्या कीबोर्डावर मला शक्यच नव्हता.

उणिवाही आहेत, आणि कोणाच्या बाबतीत त्या मोठ्या ठरतील. हा कीबोर्ड मधून उचलता येत नाही, त्यामुळे तळहात पालथेच राहतात. ज्यांचे दुखणे कोपर ते मनगट या भागात आहे त्यांनी फ्रीस्टाइल प्रो किंवा मूनलँडरसारखा उचलता येणारा कीबोर्डच पाहावा. दोन बाजूंमधले अंतर ठरलेले आहे. रुंद खांद्यांच्या माणसाला ते कमी वाटेल. तो केबलवरच चालतो, बिनतारी नाही. पुढची कड उंच असल्याने तळहाताखाली पट्टी लागतेच. मी आधी सुती टॉवेलची घडी ठेवत असे, आता लाकडी पट्टी ठेवते. बटणांवर देवनागरी अक्षरे नाहीत. न पाहता लिहिणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, शिकणाऱ्याला मात्र देवनागरीचे पारदर्शक स्टिकर आणून लावावे लागतील. आणि लॅपटॉपच्या पिशवीत तो बसत नाही. याच मांडणीचा कीक्रॉनचाच ॲल्युमिनियमचा क्यू १० आहे; तो अधिक जड आणि महाग आहे, पण बटणांच्या जागा त्याच, म्हणून मला त्यावर जादा पैसे घालावेसे वाटले नाहीत.

कळ पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. व्यायाम, अर्ध्या तासाने उठणे आणि हा कीबोर्ड यांतल्या कशाने किती उतार पडला हे वेगळे काढता येत नाही. गेल्या महिन्यात एका विमा कंपनीच्या कामाचे अकरा दिवस सलग होते. रोजचे चार हजार शब्द झाले आणि मलमाची डबी एकदाही उघडली नाही. लिहिण्याचा वेग पहिले चार दिवस मंदावला होता, दुसरा आठवडा संपेपर्यंत पूर्वीइतका झाला, आणि ळ च्या बटणामुळे आता कदाचित किंचित जास्तच आहे.

टीव्हीएस गोल्ड टाकलेला नाही. यजमान आमच्या सोसायटीचे हिशेब पाहतात. त्यांना आकड्यांचा वेगळा गठ्ठा लागतो आणि मराठी ते फोनवरच लिहितात. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेरच्या खोलीतून तो ‘टक् टक्’ आवाज येतो, आणि तेवढा वेळ मी माझे काम थांबवून तो ऐकते.